फाइल सापडते, पण ती कशाशी जोडलेली होती ते हरवतं

पागोळी

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात बाबांना नवीन डॉक्टरांकडे दाखवायला नेलं होतं. त्यांनी विचारलं, दोन-तीन वर्षांपूर्वी क्रिएटिनिन किती असायचं? (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा.) साधा प्रश्न. आणि उत्तर माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये होतं, नक्की होतं, कारण एकही रिपोर्ट मी कधी डिलीट केलेला नाही. पण कुठे? काही पीडीएफ मेलमध्ये, काही भावाने मेसेजवर पाठवलेले, दोन कागदी रिपोर्टांचे मोबाइलवर काढलेले फोटो, आणि डाउनलोड्समध्ये 'रिपोर्ट', 'रिपोर्ट १', 'रिपोर्ट १ नवीन' अशी रांग. सर्चमध्ये बाबांचं नाव टाकलं तर विम्याचे कागद आले, घराचा करार आला, रिपोर्ट सोडून सगळं आलं, कारण बरेचसे रिपोर्ट स्कॅन केलेले आणि कॉम्प्युटरच्या लेखी ते नुसतं चित्र. डॉक्टर थोडा वेळ थांबले, मग म्हणाले राहू द्या, आपण नव्याने करून घेऊ.

रात्री बसून सगळे शोधून काढले, सहा निघाले. वहीत तारीख आणि आकडा लिहीत गेले. ०.९, १.०, १.०, आणि मग एकदम ९७. पोटात गोळाच आला. नीट बघितलं तेव्हा कळलं की त्या लॅबने युनिट वेगळं छापलंय, मायक्रोमोल प्रति लिटर, बाकी सगळ्यांचं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ८८.४ ने भागलं की १.१ येतं. म्हणजे घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण ती पाच मिनिटं मी विसरणार नाही.

तर माझं म्हणणं असं की आपण हे 'शोधण्याचा' प्रॉब्लेम समजतो आणि मला वाटतं तो 'जोडण्याचा' आहे. बघा, मेलमधली अटॅचमेंट सेव्ह करतो त्या क्षणी कॉम्प्युटरला किती काय माहीत असतं: कोणी पाठवली, कधी, कुठल्या बोलण्यात, आधी काय विचारलं होतं, त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये कोणाची अपॉइंटमेंट होती. आपण सेव्ह दाबतो आणि यातलं जवळपास सगळं सांडून जातं, उरतं फक्त एक नाव आणि एक फोल्डर. आणि मग वर्षभराने तेच सगळं आपण आठवून आठवून परत जुळवत बसतो. जे आयतं हातात होतं ते टाकून द्यायचं आणि मग शोधत फिरायचं, हे इतकी वर्षं आपण चालवून कसं घेतोय?

मला हवंय ते असं: माणूस, रिपोर्ट, भेट, औषध, मेल या सगळ्या आपापल्या परीने वस्तू असाव्यात, प्रत्येकीला न बदलणारी ओळख असावी, आणि त्यांच्यातली नाती कॉम्प्युटरने जपावीत, अ‍ॅप कुठलंही असो. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी सांगा, हे इतकं अवघड का आहे?


चकवा

+१. घराच्या दुरुस्तीच्या वेळी हेच झालं होतं, बिल सापडलं, वॉरंटी सापडली, पण कुठली वॉरंटी कुठल्या बिलाची ते काही केल्या लागेना. वाचतोय.


शून्यएक

पागोळी ताई, 'सेव्ह दाबलं की सांडतं' हे फार नेमकं लिहिलंय. मी डेटाबेसवर काम करतो, बरीच वर्षं, आणि या विषयाबद्दल मला मनापासून कळकळ आहे, त्यामुळे थोडं सविस्तर.

कल्पना नवी नाही. १९४५ मध्ये व्हॅनेवर बुश यांनी 'मेमेक्स' नावाचं कल्पनेतलं टेबल मांडलं होतं, मायक्रोफिल्मवर सगळे कागद, आणि वाचताना माणूस या कागदापासून त्या कागदापर्यंत वाट बांधत जाणार आणि ती वाट साठवली जाणार. म्हणजे जपायची गोष्ट कागद तर आहेच पण वाट जास्त. पुढे १९७० मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं आणि ऑफिसांमधला डेटा तिथून हळूहळू टेबलांमध्ये गेला. बँकेत तुमचं खातं 'फायनल_नवीन' नावाच्या फाइलमध्ये नसतं, खात्याला नंबर असतो, व्यवहाराला नंबर असतो, कुठला व्यवहार कुठल्या खात्याचा हे पक्कं बांधलेलं असतं. संस्थांना ही चैन मिळाली. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र आपण अजून फोल्डरच्या झाडावर.

करून दाखवलंच नाही असं नाही. अ‍ॅपलच्या न्यूटन या हातात धरायच्या कॉम्प्युटरमध्ये, १९९३ मध्ये, फाइल्सच नव्हत्या, नोंदींचे साठे होते, 'सूप' म्हणायचे त्यांना, आणि एका अ‍ॅपची नोंद दुसऱ्याला वाचता यायची. बीओएस नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती, तिच्या फाइल सिस्टिमलाच अ‍ॅट्रिब्यूट आणि इंडेक्स होते, म्हणजे प्रत्येक फाइलला माहितीच्या चिठ्ठ्या आणि त्यांवरून झटकन शोधायची यादी. मी तिची वारसदार हायकू मुद्दाम टाकून बघितली. तिथे ओळखीच्या माणसाची नोंद म्हणजे एक फाइल, आतमध्ये एक अक्षर नाही, नाव-फोन-पत्ता सगळं अ‍ॅट्रिब्यूटमध्ये. मेल म्हणजे पण एकेक फाइल, कोणाकडून, विषय, वाचली की नाही, सगळं कॉलममध्ये दिसतं. 'अमक्याच्या न वाचलेल्या मेल' अशी क्वेरी एकदा लिहून ठेवली की तीच विंडो आपोआप भरत राहते, नवी मेल आली की त्यात उगवते. वेगळं मेलचं अ‍ॅप न उघडता. हे गेल्या शतकातलं आहे!

आणि सगळ्यात मोठा प्रयत्न मायक्रोसॉफ्टचा, विनएफएस. २००३ मध्ये गाजावाजा करून दाखवलं, २००४ मध्ये ते पुढच्या विंडोजमधून काढलं, २००६ मध्ये गुंडाळलं. माणसं, भेटी, कागदपत्रं अशा प्रकारांची आणि त्यांच्यातल्या नात्यांची रचनाच सिस्टिममध्ये असणार होती, म्हणजे ताईंनी लिहिलंय जवळपास तेच.

अवघड का, तर माझ्या मते तांत्रिक अडचण दुय्यम. प्रत्येक अ‍ॅपवाल्याला आपला डेटा आपल्याच कप्प्यात ठेवण्यात फायदा असतो, दुसऱ्याशी जोडून देण्यात फायदा फक्त वापरणाऱ्याचा. आणि वापरणारा मागत नाही कारण हे मिळू शकतं हेच त्याला माहीत नसतं.


कोरा कागद

थोडं विरुद्ध बाजूने लिहितो, राग मानू नका.

माझ्याकडे १९९६ पासूनच्या टेक्स्ट फाइल्स आहेत. दरम्यान चार ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्या, कितीतरी डिस्क बदलल्या, फाइल्स आजही उघडतात. त्याच काळात वापरलेल्या एका 'सगळं एकत्र ठेवा' छापाच्या प्रोग्रॅममधल्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या, कंपनी बंद झाली, फॉरमॅट बंद होता, संपलं. त्यात माझ्या आजीने सांगितलेल्या ओव्यांच्या नोंदी होत्या. फोल्डर मुका असेल, पण तो पळून जात नाही.

दुसरं, तुम्ही विनएफएसचं लिहिलंत, केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या नेपोमुकचं पण लिहा ना. लिनक्सवर २००८ च्या सुमाराला आलं, सगळ्या फाइल्स-मेल-माणसांचं जाळं विणणार होतं. प्रत्यक्षात इंडेक्सिंग सुरू झालं की लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागायचा, लोक पहिलं काम काय करायचे तर ते बंद करायचे. २०१४ मध्ये त्याच्या जागी बालू आणलं, ते मुद्दाम साधं ठेवलं, जाळंबिळं नाही, नुसता शोध.

आणि तिसरं, रचना ठरवणार कोण? आज मी 'भेट' या प्रकाराला पाच रकाने केले, उद्या सहावा लागला, जुन्या नोंदींचं काय? आयुष्य काही फॉर्म भरल्यासारखं येत नाही.


शून्यएक

कोरा कागद, ओव्यांचं वाचून वाईट वाटलं. ही जखम खरी आहे आणि या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने ती आधी ऐकली पाहिजे.

पण एक सांगतो. तुमचा डेटा गेला तो रचनेमुळे नाही, बंद फॉरमॅटमुळे. रचना आणि टिकणं यांचं वैर नाही. एसक्यूलाइट घ्या, अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये, फॉरमॅट जाहीर, सोर्स सार्वजनिक मालकीचा, बनवणाऱ्यांनी २०५० पर्यंत सांभाळायचा इरादा लेखी जाहीर केलाय, आणि अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस दीर्घकाळ जपायच्या डेटासाठी ज्या फॉरमॅटची शिफारस करते त्यात तो आहे. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आत्ता असे कितीतरी डेटाबेस चालू आहेत, फक्त प्रत्येक अ‍ॅपच्या कुलपात.

रकान्यांबद्दल: ठरलेले रकाने नकोतच. कर्ता, नातं, कर्म, एवढ्या तीन शब्दांचं वाक्य पुरतं. 'रिपोर्ट – आला – या मेलमधून.' 'रिपोर्ट – कोणाचा – बाबांचा.' सहावी गोष्ट लागली तर सहावं वाक्य लिहायचं, जुन्या पाचांना हात लावायचा नाही. आरडीएफ म्हणतात ते हेच, १९९९ पासून त्याचं मानक आहे. नेपोमुकही यावरच बांधलं होतं, पण त्याने पहिल्याच दिवशी अख्खी डिस्क चघळायला घेतली. नातं जन्माला येतं तेव्हाच टिपलं तर पंखा कशाला घरघरेल?

आणि टिपण्याची सोय थोडीफार आहे पण, कोणाला दिसत नाही एवढंच. मॅकवर ब्राउझरमधून फाइल उतरवली की ती कुठून आली तो पत्ता फाइलला चिकटवलेला असतो. विंडोजवर पण, एनटीएफएस या तिथल्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये फाइलच्या पोटात 'झोन आयडेंटिफायर' नावाचा लपलेला कप्पा असतो, त्यात बऱ्याचदा मूळ लिंक सापडते. पण विंडोजवरची ती फाइल एक्सफॅट ही वेगळी फाइल सिस्टिम असलेल्या पेनड्राइव्हवर टाका की गेलं. मेलने पाठवा, गेलं.


जुनी वही

मी टेक्निकल नाही, पण घराण्यातल्या जुन्या फोटोंचं काम करते आहे दोन वर्षं, सुमारे ३००० फोटो, त्यामुळे हे वाचून राहवेना.

फोटोच्या नावात मी आधी माणसांची नावं लिहायचे. एक बाई आहेत, त्या माझ्या आत्या. माझ्या मावसभावाच्या... नाही, नीट सांगते. त्या माझ्या आत्या, त्यांच्या बहिणीच्या मुलांच्या मावशी, त्यांच्या दिरांच्या मुलांच्या काकू आणि नणंदेच्या मुलांच्या मामी. शिवाय माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, आणि घरात सगळे माई म्हणतात. चौघांनी फोटो पाठवले, चार नावांनी. फोटो ठेवायच्या अ‍ॅपने चार माणसं केली. एकाच हसऱ्या चेहऱ्याची चार माणसं!

मग पुतण्याने सुचवलं की नाव लिहूच नकोस, प्रत्येक माणसाला एक नंबर दे, आणि फक्त चार गोष्टी लिही, स्त्री की पुरुष, आई कोण, वडील कोण, जोडीदार कोण. झालं. आता माझ्या नंबरवरून बघितलं की त्या आत्या येतात आणि भाचीच्या नंबरवरून बघितलं की मावशी, तेच फोटो, तीच नोंद. 'आत्या' हा शब्द कुठे साठवलेलाच नाही, तो बघणाऱ्यावरून निघतो. मला हे इतकं सुंदर वाटलं की मी त्या रात्री जागून ६० माणसं भरली.

तेव्हा 'नातं साठवा' हे ताई म्हणतात ते मला अगदी शब्दशः पटलं.


शून्यएक

जुनी वही, वा! नाव हे लेबल आणि नंबर ही ओळख, हा धडा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला शिकवलात. विकिडेटा हेच करतं, प्रत्येक गोष्टीला एक क्यू नंबर, नावं शेकडो भाषांत हवी तेवढी.


रात्रपाळी

सगळं छान आहे पण मला भीती वाटते आणि ती मांडतो.

आज माझे रिपोर्ट एकीकडे, पैशाचं दुसरीकडे, मेसेज तिसरीकडे. हा पसारा गैरसोयीचा आहे पण त्याचा एक फायदा आहे, एक दार फुटलं तर एकच खोली जाते. तुम्ही म्हणता तसं सगळं जोडलं तर चोराला जोडण्याचं काम करावं लागणार नाही, आपणच करून ठेवलंय. नुसता रिपोर्ट गेला तर एक कागद गेला. रिपोर्ट कोणाचा, डॉक्टर कोण, औषध कुठलं, त्या दिवशी कोणाला काय लिहिलं, हे धाग्यासकट गेलं तर माणूसच उघडा पडला. आणि मोठ्या कंपन्यांकडे आपलं असं जाळं आहेच, फक्त ते आपल्याला दिसत नाही. ते अजून सोपं करून द्यायचं का?


पागोळी

रात्रपाळी, तुमच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला, म्हणून उशीर. भीती रास्त आहे. म्हणूनच मला वाटतं हे जाळं आपल्याच डिस्कवर, एन्क्रिप्ट केलेलं असायला हवं आणि कुठल्याही अ‍ॅपला सगळं न दिसता मागितलेला तुकडाच दिसावा. फोनबुकचं उदाहरण घ्या. अँड्रॉइडमध्ये वेगवेगळ्या खात्यांमधून आलेल्या एकाच माणसाच्या नोंदी जोडून एक माणूस दिसतो, आणि इतर अ‍ॅपला तो बघायचा तर परवानगी मागावी लागते. म्हणजे 'माणूस' या एका प्रकाराला हे जमलंय. फक्त परवानगी बहुतेकदा सगळं किंवा काहीच नाही अशी असते, तिथे काम व्हायला हवं. तुमचा चोराचा मुद्दा मात्र पूर्ण सुटत नाही, कबूल. मी तरी पैशाचं काही यात घेतलेलं नाही, मुद्दाम.

'घेतलेलं नाही' म्हणाले कारण मी सुरुवात केली! शून्यएक यांनी निरोपातून मदत केली, त्यांचे खूप आभार. काय केलं ते सांगते.

आम्हाला कळलं की निम्म्या वस्तूंना ओळख आधीपासूनच आहे. प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये मेसेज-आयडी असतो, तो फोल्डर बदलला तरी तोच राहतो. कॅलेंडरमधल्या प्रत्येक नोंदीला यूआयडी, म्हणजे तिचा स्वतःचा वेगळा ओळख-क्रमांक असतो. कॉन्टॅक्ट एक्स्पोर्ट केला तर त्यालाही बहुतेक वेळा असतो. ओळख नाही ती फक्त बिचाऱ्या फाइलला, तिच्याकडे नुसता पत्ता, आणि घर बदललं की पत्ता बदलला. म्हणून फाइलसाठी हॅश घेतला, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारा एक लांबलचक आकडा, नाव काहीही ठेवा, कुठेही हलवा, आकडा तोच.

मग एसक्यूलाइटमध्ये एकच टेबल: कुठून, नातं, कुठे, कधी नोंदवलं, कोणी सांगितलं. आणि दुसरं छोटं टेबल फक्त आकड्यांचं: कोणाचा, कुठली तपासणी, किती, युनिट, तारीख, कुठल्या रिपोर्टमधून. युनिटचा रकाना रिकामा सोडलाच जाणार नाही असं बंधन घातलं, ९७ ने शिकवलं. तपासणीच्या नावासाठी लॉइंक नावाचं जागतिक कोष्टक आहे ते वापरलं, मिलिग्रॅममध्ये मोजलेल्या रक्तातल्या क्रिएटिनिनला २१६०-० (मायक्रोमोलमधल्याला वेगळा नंबर), मग लॅब त्याला 'सीरम क्रिएटिनिन' म्हणो नाहीतर 'एस. क्रिएट', फरक पडत नाही.

सहा रिपोर्ट हाताने भरायला दीड तास गेला. नवीन तपासणी धरून सात ओळी झाल्या. आणि आता ऐका. चौथ्या ओळीत, त्या ९७ वाल्या, रिपोर्टवरून मेलवर गेले, कारण नातं होतं ना, तर भावाची मेल उघडली. त्यात रिपोर्टखाली त्याने लिहिलं होतं की बाबांना आदल्या आठवड्यात जुलाब झाले होते, पाणी कमी गेलं असेल, आणि ते गुडघ्यासाठी एक गोळी पण घेत होते. हे कुठल्याच रिपोर्टमध्ये नाही. मी ती मेल तेव्हा वाचली होती आणि साफ विसरले होते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी आकड्यांपेक्षा त्या दोन ओळीच जास्त वेळ वाचल्या, गोळीचं नाव विचारलं आणि फाइलमध्ये लिहून घेतलं.


चकवा

अंगावर काटा आला वाचून. बाबांना बरं वाटू दे.


कोरा कागद

पागोळी ताई, पटलं बऱ्यापैकी. माझी अट एकच: दर महिन्याला तो डेटाबेस साध्या सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या नुसत्या मजकुरात, काढून बाजूला ठेवा, म्हणजे उद्या एसक्यूलाइट उघडणारं कोणी नसलं तरी नोटपॅड असेलच. मीही उरलेल्या नोंदींवर हे करून बघणार आहे, ओव्या ज्यांना आठवतात त्या मावश्यांची नावं जोडून.

दोन शंका. फाइल मी दुरुस्त केली तर हॅश बदलतो, मग नाती तुटणार? आणि मेसेजिंग अ‍ॅपमधल्या बोलण्याचं काय, त्याला मेलसारखा आयडी नाही ना?


शून्यएक

पहिलं सोपं आहे. रिपोर्ट, बिल, करार, फोटो या न बदलणाऱ्या गोष्टी, त्यांना हॅश उत्तम. ज्यात तुम्ही लिहीत राहता तिला आपण होऊन एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाचाही नसेल असा लांब ओळख-क्रमांक, द्यायचा, टेक्स्ट फाइल असेल तर तिच्या पहिल्याच ओळीत लिहून टाकायचा, मग ती कुठेही गेली तरी ओळख तिच्या अंगावरच. हॅश बदलला की 'ही – आधीची आवृत्ती – ती' अशी एक ओळ वाढवायची, जुनी पुसायची नाही.

दुसरं मात्र अवघड आहे. आतमध्ये प्रत्येक मेसेजला आयडी असतो पण तो सहसा बाहेर देत नाहीत. चॅट एक्स्पोर्ट केलं की तारीख, वेळ, नाव आणि मजकूर एवढंच टेक्स्ट मिळतं. मी सध्या त्या चार गोष्टींच्या एकत्र ओळीचाच हॅश घेतो. चालतं, पण फोनमध्ये कॉन्टॅक्टचं नाव बदललं की एक्स्पोर्टमध्येही नाव बदलतं आणि हॅश जुळत नाही, म्हणून आधी नावाच्या जागी जुनी वही यांच्यासारखा माणसाचा नंबर घालतो आणि मगच हॅश काढतो. छोटी स्क्रिप्ट आहे, रविवारी इथेच टाकतो.


जुनी वही

टाका नक्की. माईंच्या फोटोंसोबत आलेले सगळ्यांचे मेसेज माझ्याकडे तसेच पडून आहेत, कुठल्या फोटोबद्दल कोण काय म्हणालं ते सगळं त्यातच आहे.